कातरलेला पत्रा आणि कोरलेली काव

गेल्या मार्गशीर्षात एक शेतकरी गृहस्थ मजकडे एक कागद घेऊन आले. धारगळहून पत्रादेवीकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या एका पुलाखाली, सिमेंटच्या कोऱ्या भिंतीवर त्यांच्या मुलाने काळ्या रंगाचे पाच बैल ओळीने उमटविले होते. पाचही अगदी सारखे. शिंगांचा बाक तोच, उचललेला पाय तोच. मात्र पाचव्याच्या मानेवर जू नव्हते. कोणा अधिकाऱ्याच्या नजरेस ते पडले, भिंतीला चुना फासला गेला आणि मुलाच्या नावे नोटीस निघाली. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. "वकील सायबा, आमच्या देवळाच्या वणटीर हत्ती-घोडे आसात, तांकां कोण नोटीस दिना. मागीर हो गुन्यांव कसो?"

उत्तर देण्यापूर्वी मी कायद्याची पुस्तके उघडली. एका जुन्या कायद्याच्या व्याख्येत एक शब्द असा भेटला की, त्याचा माग काढता काढता मी नोटिशीपासून फार दूर गेलो. तो शब्द 'स्टेन्सिल'. आपल्याकडे तो प्रथम कचेऱ्यांतून आला. सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवावयाच्या मेणकागदाला आपले कारकून स्टेन्सिल म्हणत. तत्त्व एकच आहे. कागदात किंवा पत्र्यात आकृती कातरावयाची, तो भिंतीला टेकवावयाचा आणि वरून रंग मारावयाचा. जेथे कातरले तेथे रंग पोचतो, इतरत्र अडतो. पोराने तेच केले होते. जुन्या पत्र्याऐवजी पुठ्ठा, आणि कुंचल्याऐवजी फवाऱ्याचा डबा, इतकाच फरक.

रस्त्यावरील अशा चित्रांना आज जगभर 'ग्राफिटी' म्हणतात. या शब्दाचे मूळ आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे, कारण ते आपल्या देवळांपर्यंत येऊन पोचते. इटालियन भाषेत 'ग्राफ्फियारे' म्हणजे ओरखडणे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतींवर लोकांनी खिळ्याने, काटकीने ओरखडलेली वाक्ये सापडली. १८५६ साली गार्रुच्ची नावाच्या विद्वान पाद्र्याने त्यांवर ग्रंथ लिहिला आणि 'ग्राफिटी' हे नाव विद्वानांच्या तोंडी रुळले. परंतु त्याच धातूपासून झालेला 'स्ग्राफितो' हा शब्द गवंड्यांच्या आणि चित्रकारांच्या बोलण्यात त्याहून कितीतरी जुना होता. वाझारी या इटालियन लेखकाने १५५० सालच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याची कृती दिली आहे. काळसर गिलाव्यावर पांढरा थर द्यावा, तो लोखंडी टोकाने खरवडावा, म्हणजे खालचा काळा थर रेघेरेघेतून वर येतो.

हे वाचताना आपल्यापैकी ज्याने जुनी देवळे डोळे उघडे ठेवून पाहिली आहेत त्याला काव आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्या कावी कलेची कृती हीच, फक्त रंगांचा क्रम उलटा. शिंपल्या भाजून केलेला चुना वाळूत मिसळावयाचा, गुळाचे पाणी घालून दिवसेंदिवस भिजत ठेवावयाचा, मळावयाचा आणि भिंतीवर त्याचा गिलावा करावयाचा. त्यावर तांबड्या कावेचा पातळ थर. ही माती इथल्या डोंगरातली, किंवा होर्मुझ बेटावरून गलबतांतून येणारी, म्हणूनच तिला हुरमुंजी हे नाव. मग कंपासाने आणि पट्टीने आखणी करून, थर ओला आहे तोच लोखंडी कांट्याने कोरावयाचे. कांटा जेथे फिरतो तेथे तांबडे जाते आणि पांढरे प्रकट होते. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने भिंत घोटावयाची. पेडण्याच्या एका वृद्ध गवंड्याने मला सारे गुपित एका वाक्यात सांगितले: "काव ओली आसतनाच कोरूंक जाय, सुकली काय कांटो चलना."

दक्षिण कोकणापासून गोव्यावरून थेट कारवार, अंकोला, कुमठ्यापर्यंत ही कला पसरली होती. पेडणे महालात मोरजीच्या मोरजाईच्या देवळाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. होन्नावरचे कृष्णानंद कामत (१९३४–२००२) हे व्यवसायाने शास्त्रज्ञ. परंतु कॅमेरा घेऊन गावोगावच्या देवळांतून हिंडले आणि पुसट होत चाललेल्या कावी चित्रांची नोंद त्यांनी केली. त्यांचे ऋण आपण कोकणी माणसांनी पुरते मानलेले नाही.

ही कला पोर्तुगीजांनी आणली की आपली मूळची, असा वाद अधूनमधून निघतो. पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात कोरीव गिलाव्याची घरे आहेत हे खरे. पण ओल्या थरावर टोक फिरविले की खालचा रंग दिसतो, हे कळण्यास समुद्र ओलांडण्याची गरज नाही. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील कातळावर, १९९३ साली जगापुढे आलेली, बैलांची आणि हरणांची रेखाचित्रे कोरणाऱ्यांना पोर्तुगाल ठाऊक नव्हते. शिंपल्यांचा चुना, गुळाचे पाणी, डोंगरातली काव ही सारी सामग्री आमची; आणि चित्रांतली गजलक्ष्मी, दशावतार, राघू, वेलबुट्टी हीही आमचीच. एवढ्यावर माझे समाधान आहे.

आता पत्र्याकडे वळू. कोरीव रेघेचे कूळ एक, तर कातरलेल्या नमुन्याचे दुसरे. आणि दुसरे अधिक प्राचीन आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत माणसाने भिंतीवर पंजा टेकविला आणि त्याभोवती रंग फवारला. पंजा काढल्यावर त्याची कोरी आकृती मागे राहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती किमान ३९,९०० वर्षांची आहे. फ्रान्सच्या गार्गास गुहेतही असे पंजे शेकड्यांनी आहेत. येथे एक भेद सांगितला पाहिजे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली भीमबेटका जगापुढे आणले. अशा गुहांतून रंगात बुडवून उमटविलेले हातही दिसतात, पण तो ठसा. पाडव्याला आपण गुरांच्या अंगावर वाटीच्या काठाने जी वर्तुळे उठवितो, किंवा मुठीने लक्ष्मीची पावले काढतो, तेही ठसेच. ठशात वस्तू स्वतः रंग घेऊन येते. स्टेन्सिलमध्ये वस्तू रंगाला अडविते, आणि चित्र उरते ते तिच्या अभावाचे.

आशिया खंडाने या युक्तीला बुद्धिमान वळण दिले. चीनच्या सरहद्दीवरील तुनहुआंगच्या गुहांतून ऑरेल स्टाइन याने १९०७ साली जे कागद नेले, त्यांत सुईने टोचून बुद्धाच्या आकृतीची भोके पाडलेले कागदही होते. असा कागद भिंतीवर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थापटली की भोकांतून पूड उतरते आणि ठिपक्यांची बुद्धमूर्ती उमटते. एका कागदावर हजार बुद्ध! इराणी आणि मोगल चित्रशाळांत हीच रीत होती, आणि तिथूनच आपल्याला 'खाका' हा शब्द मिळाला. खाक म्हणजे धूळ, राख. आज आपण अंदाजपत्रकाचाही खाका तयार करतो, पण मुळात तो टोचलेल्या कागदातून उतरलेल्या भुकटीचा आराखडा होता. गंमत अशी की 'स्टेन्सिल' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये ठिणगी या अर्थाच्या शब्दाकडे जाते. एकीकडे राख, दुसरीकडे ठिणगी.

मथुरा-वृंदावनाच्या देवळांतून पितृपक्षात सांझी काढतात. कात्रीने नाजूक कातरलेल्या कागदांवरून कोरडे रंग गाळून कृष्णलीलेची चित्रे जमिनीवर उठवितात, आणि ती टिकविण्याचा कोणी प्रयत्न करीत नाही. दुसऱ्या दिवशी नवी सांझी. आपल्या तुळशीपुढे भोके पाडलेल्या पत्र्याच्या छापाने रांगोळी घालणारी सूनबाई त्याच कुळातली. माझ्या आजीला तो छाप मुळीच आवडत नसे. हात चालत नाही त्यांच्यासाठी तो, असे ती म्हणे. रस्त्यावर मोकळ्या हाताने चित्रे काढणारे कलावंत स्टेन्सिलवाल्यांना नेमके हेच म्हणत आले आहेत, हे मला फार पुढे समजले.

मग हा छाप देवघर सोडून रस्त्यावर कसा गेला? आधी व्यापाराने आणि सैन्याने त्याला बाहेर काढले. गोदीतल्या खोक्यांवर, पिंपांवर, सैन्याच्या गाड्यांवर क्रमांक घालावयाचे तर सुंदर हस्ताक्षर नको असते. वाटेल त्या शिपायाकडून एकसारखे अक्षर हवे असते. नंतर सत्ता त्याच्या मागून गेली. इटलीत फॅसिस्टांनी मुसोलिनीचा चेहरा पत्र्यात कातरून भिंतीभिंतींवर मारला. येथे इतिहासाचा एक विचित्र हिशेब पाहावयास मिळतो. लहानपणी आईवडिलांबरोबर इटलीत गेलेल्या एका फ्रेंच मुलाने मुसोलिनीचे तसले एक पुसट मुंडके पाहिले, आणि ते त्याच्या मनात राहिले. पुढे तो पॅरिसच्या कलाशाळेत धातूच्या पत्र्यावर कोरून छाप घेण्याची विद्या शिकला, १९७१ साली न्यूयॉर्कला जाऊन आगगाड्यांवरची रंगीत अक्षरे पाहून आला, आणि १९८१ पासून पॅरिसच्या भिंतींवर काळे उंदीर सोडू लागला. त्याचे नाव झाव्हिये प्रू. जग त्याला ब्लेक ल रा म्हणून ओळखते. हुकूमशहाचे साधन उंदरांच्या हाती गेले ते असे.

तो पहिला मात्र नव्हे. त्याच्या देशातील एर्नेस्त पिन्यों-एर्नेस्त याने १९६६ सालीच, अण्वस्त्रे ठेवण्यासाठी निवडलेल्या आल्बियों पठारावर, अणुबाँबच्या झोताने भिंतीवर नुसती सावली उरलेल्या माणसाची आकृती स्टेन्सिलने मारली होती. या साधनाचा याहून उचित उपयोग मला तरी आठवत नाही, कारण त्या माणसाचे चित्रही अभावाचेच होते. न्यूयॉर्कच्या जॉन फेकनरने १९८० साली साउथ ब्राँक्समधील पडक्या इमारतींवर 'मोडलेली वचने' या अर्थाचे दोन शब्द भल्या मोठ्या अक्षरांत मारले. चित्र नाही, नक्षी नाही, नुसता आरोप. इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातील बँक्सी या टोपणनावाच्या चित्रकाराने २००५ च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली हकिगत तर प्रसिद्धच आहे. पोलीस आले, साथीदार पळाले, आणि हा एका मालमोटारीखाली लपून पडला. समोर इंधनाच्या टाकीवर छापाने मारलेली अक्षरे होती. आपणही असेच केले तर निम्म्या वेळात काम उरकेल, हे त्याला तेथे सुचले.

यातील 'निम्म्या वेळात' हे शब्द मला वकील या नात्याने महत्त्वाचे वाटतात. आपल्या गवंड्याला घाई होती ती चुना सुकण्याची; याला घाई होती ती पोलीस येण्याची. १९४९ साली अमेरिकेत एडवर्ड सेमूर याने रंगाचा फवारा डब्यात भरला, आणि घरी बसून सावकाश कातरलेला पुठ्ठा अधिक तो डबा एवढ्यावर रस्त्यावरचे काम क्षणांचे झाले. या शैलीचा ठसठशीतपणा, तिचे सपाट काळे-पांढरेपण, हे सौंदर्यशास्त्राने ठरविलेले नाही. ते दंडसंहितेने ठरविलेले आहे. ब्लेक ल रा याला १९९१ साली काराव्हाज्जोच्या मेरीमातेची आकृती मारताना पकडले, आणि पुढे तो घरी चित्र काढून ते कागद भिंतीवर चिकटवू लागला, कारण चिकटविण्यास शिक्षा कमी होती. कायदा बदलला की कला बदलते, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच मिळेल.

भारतात हा छाप रस्त्यावर आणला तो निवडणुकीने. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून पक्षांना चिन्हे मिळाली; आणि चांगले निवडणूक चिन्ह म्हणजे जे पत्र्यात सहज कातरता येते ते. काँग्रेसचे त्या वेळचे चिन्ह जू घातलेली बैलजोडी. आमच्याकडे १९६३ साली मगो पक्षाचा सिंह आणि युनायटेड गोवन्सचा हात समोरासमोर उभे राहिले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तर सारा प्रश्नच दोन चित्रांत मावला: विलिनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पाने. अखेर फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. आमचा पेडणे महाल फुलाच्या बाजूचा होता. या द्वैभाषिक पत्रिकेच्या वाचकांत दोन्ही बाजूंची घराणी आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही. एवढेच नमूद करतो की आमच्या घरात ती गोष्ट निघाली की मते कोणी सांगत नसे. कोणाच्या भिंतीवर काय उमटले होते, ते मात्र सर्वांना पाठ होते.

आणि आता त्या व्याख्येकडे परत येऊ. पश्चिम बंगालने १९७६ साली मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा केला. 'लेखन' म्हणजे काय हे सांगताना त्यात स्टेन्सिलच्या साह्याने केलेली सजावट, अक्षरे आणि नक्षी असे स्पष्ट घातले होते. विधिमंडळाला हा शब्द आठवावा याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. १९७० च्या सुमारास कलकत्त्याच्या भिंतींवर नक्षलवाद्यांनी माओचा चेहरा याच रीतीने मारला होता. पुढे दिल्लीच्या २००७ च्या कायद्यानेही ती व्याख्या उचलली. गोव्याचा विद्रूपण प्रतिबंधक कायदा १९८८ चा, महाराष्ट्राचा १९९५ चा. बंगाल आणि दिल्लीच्या कायद्यांत एक अपवाद घातला गेला, तो मला मोठा बोलका वाटतो: मालकाचे किंवा वहिवाटदाराचे नाव-पत्ता भिंतीवर लिहिण्यास हरकत नाही. भिंतीने निर्धास्तपणे बोलावयाचे ते इतकेच, की मी कोणाची.

तेव्हा त्या गृहस्थांस मी उत्तर दिले ते असे. देवळाच्या भिंतीवरचे हत्ती-घोडे देवस्थानाने सांगून काढविलेले आहेत, तुमच्या मुलाचे बैल कोणी सांगितले नव्हते. हाताची कृती एक असली तरी कायदा हाताकडे पाहत नाही, भिंतीच्या मालकाकडे पाहतो. गृहस्थांनी मान डोलावली. उत्तर कायद्याने बिनचूक होते. मला मात्र ते रात्री झोपू देईना, आणि त्याचे कारण सांगणे मला प्राप्त आहे.

बारा वर्षांपूर्वी आमच्याच महालातील एका देवस्थानाच्या जीर्णोद्धाराचा करारनामा मी लिहून दिला. महाजनांची सभा झाली, १९३३ च्या देवस्थान नियमावलीला धरून ठराव झाला, दर मागविले गेले. करारनाम्यातील एका कलमात 'जुना गिलावा पूर्णपणे खरवडून काढून' असे शब्द आहेत. ते माझे आहेत. त्या जुन्या गिलाव्यावर सभामंडपाच्या बाहेरच्या अंगाला कावेत कोरलेली चौकट होती. मध्ये दोन राघू, भोवती कमळांची वेल. लहानपणी पालखीची वाट पाहत मी तीवर पाठ टेकून उभा राहत असे, आणि सदऱ्याला तांबडी पूड लागे म्हणून आई रागावे. खरवडण्यास दोन दिवस लागले. आज तेथे मुंबईच्या एखाद्या इस्पितळात शोभाव्यात अशा चकचकीत फरशा आहेत. वर उल्लेखिलेला वृद्ध गवंडी ते दोन्ही दिवस समोरच्या फणसाखाली बसून होता. त्याच्या आजोबांच्या हातचे ते काम होते, असे मला त्याने नंतर सांगितले; त्या वेळी त्याला कोणी विचारले नाही, आणि तोही बोलला नाही.

यात बेकायदेशीर काहीही घडले नाही. भिंत ज्याची, त्यानेच ती खरवडली. विद्रूपणाचा कायदा भिंतीवर काही घालणाऱ्यास पकडतो; आपल्याच भिंतीवरचे काढून टाकणारा मालक त्याच्या कक्षेत येत नाही. गोव्याचा १९७८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण तो घोषित स्मारकांना लागू. खेड्यातले लहान देऊळ त्या यादीत कोठून असणार? १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता, म्हणून आमची देवळे वाचली असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. त्यांच्या भिंती मात्र आपल्याच सभांनी, एकमताने, शुभमुहूर्तावर उतरविल्या.

मुलाचे प्रकरण ताकीद देऊन मिटले. मी त्याला गवंड्याकडे घेऊन गेलो. त्या देवस्थानाच्या अग्रशाळेच्या मागच्या भिंतीचा चारेक हात भाग मजुरांनी त्या वेळी कंटाळून तसाच सोडला होता. चुन्याच्या पुटाखाली वेलीची तीन कमळे अद्याप दिसतात. मुलाने पातळ कागद लावून तिचा खाका उतरविला, सुईने टोचला, आणि गवंड्याच्या पडवीतील पाटावर कोळशाची पूड थापटून दाखविली. म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिले, आणि एका कमळाची पाकळी चुकली आहे म्हणून सांगितले. मुलाने ती पुन्हा टोचली.

उरलेली भिंत जशीच्या तशी राखावी आणि सभामंडपाची एक बाजू फरशा काढून पुन्हा कावेत करून घ्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडण्याची नोटीस मी चिटणिसांकडे दिली आहे. विरोध होईल, फरशांच्या देणगीदारांची नावे त्या भिंतीवरच कोरलेली आहेत. गवंडी म्हणतो, ठराव होवो न होवो, शिंपल्या आताच भाजून चुना गुळाच्या पाण्यात घातला पाहिजे, नाहीतर पावसापूर्वी तो तयार होत नाही.